स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचं का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून चोपडा, अमळनेर, शिरपूरकडचे स्टुडिओवाले आम्हाला हेच विचारतात. आमचं म्हणणं असं, की चालू कामात मशीनला हात लावू नका. विंडोज १० बंद पडलेलं नाही. रेकॉर्डिंग होतं, मिक्सिंगही होतं. थांबले ते सुरक्षा अपडेट, आणि मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी (ईएसयू) नोंदणी केली तर तेसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

सगळ्यात आधी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, उलटा करून त्याचा मॉडेल नंबर बघा. त्याच मॉडेलसाठी कंपनीने विंडोज ११ चा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिराने आत-बाहेर नेणारं सॉफ्टवेअर) दिला आहे का, ते तपासा. नसेल तर विषय संपला, सध्या आहे तिथेच थांबा. त्या ड्रायव्हरवर ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे आवाज साठवून पुढे सोडायचा तुकडा, जेमतेम ३ मिलिसेकंदांचा. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर हा उशीर इतका वाढतो, की गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा शब्द मागून ऐकू येतो. ढोलकीच्या ठेक्यावर चाललेलं अहिराणी गाणं मग कितीही चांगला गळा असला तरी लयीत बसत नाही.

नंतर प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट. जुनं शहनाईचं प्लगइन उघडलं नाही, तर प्रोजेक्टमधला तो ट्रॅक मुका होतो. म्हणून महत्त्वाच्या गाण्यांचा प्रत्येक ट्रॅक प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीपासून (० सेकंदापासून) वेव्ह फाईलमध्ये काढून ठेवा. ही फाईल कुठल्याही मशीनवर, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वाजते. डिस्क पुसायची असेल तर सॉफ्टवेअर आणि प्लगइनची लायसन्स आधी डिअ‍ॅक्टिव्हेट करा.

मशीन इंटेलची असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) विंडोज ११ ला लागतं. नसताना जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, पण स्टुडिओच्या मशीनवर आम्ही ते करून देत नाही. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. त्यापेक्षा ती मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त रेकॉर्डिंगला ठेवा.

लगीनसराईत किंवा कानबाईच्या गाण्यांची घाई असताना अपग्रेड नकोच. पितृपक्षाचा पंधरवडा त्याला बरा. आधी आम्ही तुमच्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर काढतो. विंडोजमधूनही मागे जाता येतं, पण फक्त १० दिवस, आणि जुन्या फाईली कुणी साफ केल्या नसतील तरच. आमचा भरवसा त्या एसएसडीवर जास्त: काही बिघडलं तर ती बसवायची आणि काम सुरू.

मशीन आणताना इंटरफेस, त्याची केबल आणि डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) सोबत आणा. तुमचंच एखादं जुनं प्रोजेक्ट उघडून, माईकवर दोन ओळी रेकॉर्ड करून ऐकल्याशिवाय आम्ही मशीन परत देत नाही.