धुपदाळचे करकोचे आणि इरकलीचा ताणा

हिवाळ्यात बेळगावहून मिरजेच्या गाडीने घटप्रभा स्टेशनवर उतरणाऱ्यांच्या मनात बहुतेक दोन गोष्टी असतात: धुपदाळचे पक्षी आणि या भागातले हातमाग. एक निसर्गाचा ठेवा, दुसरी परंपरा, अशी विभागणी आपण करून टाकतो. पण दोन्हींचा आजचा चेहरा घडवण्यात इंग्रजी अमदानीतल्या बांधकामांचा मोठा हात आहे.

घटप्रभा सह्याद्रीतून येणारी, पावसावर जगणारी नदी. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात नुसते खडक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत धुपदाळला बंधारा झाला तो कालव्यासाठी. पक्ष्यांचा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं. पाणी अडलं, उथळ काठ तयार झाले आणि मध्य आशियाकडून येणाऱ्या कांड्या करकोच्यांना थारा मिळाला. दिवसभर रानात दाणे टिपायचे, रात्री उथळ पाण्यात उभं राहायचं. शेतं आणि पाणी जवळजवळ असणं त्यांना सोयीचं. १९७४ मध्ये इथलं २९.७८ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झालं.

याच नदीवर पुढे गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा. त्याच्या जोरावर यंत्रं फिरवायची म्हणून १८८५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८८७ मध्ये गिरणी सुरू झाली, तीही सूतगिरणी. चरख्यावरचं सूत मागे पडून विणकरांच्या हाती गिरणीचं सूत येण्याचा तो काळ. ज्याला आपण ‘अस्सल जुनं’ म्हणतो, त्या लुगड्यातलं सूत गिरणीत कातलेलं असणं तेव्हापासूनचंच.

कारागिरी खरी आहे ती विणकामात. इरकल लुगड्याच्या (कानडीत इळकल) अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती; पदराचा रेशमी. दोन्ही ताणे एकमेकांत फासे घालून अडकवतात, तो टोपपदर. त्यामुळे एका वेळी एकाच लुगड्यापुरता ताणा जोडावा लागतो; थानासारखं सलग विणत सुटता येत नाही. गिऱ्हाईक मात्र मोठं मराठी मुलखातलं. बेळगावला लागून असलेलं विणकरांचं शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानातच होतं.

धुपदाळलाच माग शोधत बसू नये. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागकडे जावं किंवा कृष्णाकाठी रबकवी-बनहट्टीला. तिथेही गल्लीत शिरताच जो एकसुरी खडखडाट कानी येतो तो यंत्रमागांचा. हातमाग बघायचा तर दारात विचारावं लागतं.