वैश्विक किरणांना मुहूर्त नसतो

आज मध्यरात्रीनंतर कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून लांब ठेवा, असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. वजन यावे म्हणून त्यात नासाचे नावही घातलेले असते. प्रत्यक्षात हे किरण अहोरात्र येतात. अवकाशातून आलेले प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून पुढे मुऑन नावाचे विद्युतभारित सूक्ष्म कण तयार होतात आणि समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण १ मुऑन आरपार जातो. मोबाइल चालू असो वा बंद.

विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र मंडळाने विज्ञान दिनाला एकच प्रयोग मांडायचा ठरवला, तर तो क्लाउड चेंबरचा, म्हणजे कणांचे माग वाफेत दाखवणाऱ्या पेटीचा असावा. मुऑनचा माग त्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

साधारण ३० सेंमी लांबीची काचेची मत्स्यपेटी घ्या. तिच्या तळाला आतून जाड फेल्ट कापड चुंबकांनी पकडून बसवा. गोंद अल्कोहोलमध्ये सुटतो, म्हणून चुंबक. फेल्टवर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता. ते चिंब व्हावे, पण थेंब गळू नयेत. मग पेटी २-३ मिमी जाडीच्या, काळ्या मॅट रंगाच्या ॲल्युमिनियम पत्र्यावर पालथी घाला आणि कडा क्लेने पक्क्या बुजवा. पत्रा थर्मोकोलच्या ट्रेमधल्या २-३ किलो ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवा. खोलीत अंधार करा आणि एलईडी टॉर्च बाजूने, पत्र्यालगत मारा. १०-१५ मिनिटे थांबा.

आता पेटीत काय घडते ते पाहू. वर फेल्ट खोलीच्या तापमानाला असते, खाली ड्राय आइस उणे ७८ अंश सेल्सिअसला. थंड, जड हवा तळाशीच असल्यामुळे पेटीतली हवा ढवळली जात नाही. अल्कोहोलची वाफ सावकाश खाली उतरते आणि पत्र्यावरच्या सेंटिमीटरभर थरात इतकी थंड होते, की तिचे खरे तर द्रवच व्हायला हवे. पण होत नाही. थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक वक्र आणि त्यावरून रेणू तितक्याच सहज निसटतात. त्यामुळे काही मोजक्या रेणूंचा थेंब वाढण्याआधीच उडून जातो. तिथे विद्युतभारित कण असेल, तर तो अल्कोहोलच्या ध्रुवीय (एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण भार असलेल्या) रेणूंना धरून ठेवतो, थेंब तगतो आणि वाढतो. मुऑन हवेतून जाताना रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो आणि आपल्या वाटेवर सेंटिमीटरमागे सुमारे ६० आयन-जोड्या, म्हणजे धन आणि ऋण भारित कणांच्या जोड्या सोडतो. त्या आयनांवर थेंब धरले, की पांढरी रेघ उमटते आणि खाली बसत विरते. कण तर केव्हाच निघून गेलेला असतो. चार्ल्स विल्सन यांनी हवेचे अचानक प्रसरण घडवून असे माग १९११ मध्ये टिपले; १९२७ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

लांब, सरळ, बारीक रेघ बहुधा मुऑनची. वेडीवाकडी वळणारी रेघ कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची. काही सेंटिमीटरचा जाडजूड पट्टा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमधून सुटलेल्या अल्फा कणाचा. तो सेंटिमीटरमागे हजारो आयन-जोड्या करतो, म्हणून माग ठळक उमटतो.

नुसते धुके दिसले आणि रेघा नाहीत, तर बहुतेक वेळा कडेतून हवा शिरत असते. मेडिकलमधले ७० टक्क्यांचे अल्कोहोल वापरू नका. त्यातले पाणी गोठून पत्र्यावर हिम धरते. ड्राय आइसचे मोठे खडे पत्र्याला जागोजागीच टेकतात, तेव्हा ते कापडात गुंडाळून कुटा आणि सपाट पसरा. पावसाळ्यात पेटी कोरडी पुसून मगच बंद करा. वाफ कमी पडत असेल, तर वर कोमट पाण्याचे भांडे ठेवा.

ड्राय आइस जाड हातमोजे घालूनच हाताळा. तो घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नका, डबा फुटतो. खिडक्या उघड्या हव्यात, कारण त्याचा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साठतो. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, जवळपास ज्योत नको.

पेटीत दिसणाऱ्या या मुऑनची संख्या सतत मोजत राहिले, की खरे विज्ञान हाती लागते. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे वैज्ञानिक हेच करतात. १ डिसेंबर २०१४ रोजी तिथल्या आकाशात गडगडाटी ढग होता आणि मुऑनची संख्या काही मिनिटे घटली. ढगातल्या विद्युतक्षेत्रामुळे मुऑनच्या ऊर्जेत फरक पडतो, म्हणून ही घट. तिच्यावरून त्यांनी ढगातले विभवांतर (व्होल्टेजमधला फरक) काढले: सुमारे १.३ अब्ज व्होल्ट. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या व्होल्टेजच्या ढगात कोणतेही उपकरण पाठवावे लागले नाही.