निवड चाचणीला कोणतं पद म्हणू? ट्रॅक करायला येण्याआधी एवढं वाचून या

गणपती उठले की स्पर्धेच्या नाटकांची जुळवाजुळव सुरू होते आणि गाण्यामागे वाजवायचे पेटी-तबल्याच्या साथीचे ट्रॅक करून देणाऱ्या आमच्या दुकानाचा फोन वाजत राहतो. प्रश्न ठरलेला: "भाऊ, संगीत नाटकाच्या निवडीला जायचंय, कोणतं पद म्हणू?" फोनवर घाईत सांगितलेलं अर्धवट ऐकलं जातं, म्हणून हे पत्रक काढलं आहे. जळगावातले असा की भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळ्याकडून येणार असा, घरून निघण्याआधी वाचा.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पद ठरवून येतात. मोबाइलवर कुणा मोठ्या गायकाचं ऐकलेलं असतं, आवडलेलं असतं, पाठही झालेलं असतं. मग म्हणतात, "हुबेहूब असाच ट्रॅक करून द्या." त्या गायकाची पट्टी, म्हणजे सा धरायचा सूर, असते काळी दोन आणि यांच्या गळ्याला सोयीची असते पांढरी सात. पेटीवर मोजलं तर चार अर्ध्या सुरांचा फरक. घरी गुणगुणताना तो कळत नाही, कारण गुणगुणताना आपण नकळत सूर खाली घेतो. ट्रॅक लागला आणि मोकळा आवाज लावायची वेळ आली की कळतं, तेव्हा चाचणी दुसऱ्या दिवशी असते.

गेल्या वर्षी अमळनेरकडची एक मुलगी असाच तयार ट्रॅक न्यायला संध्याकाळी आली. पट्टी तिनेच फोनवर सांगितली होती, रेकॉर्डिंगमधली. आम्ही म्हटलं, एकदा म्हणून दाखव. ध्रुवपद छान झालं. अंतऱ्याला तार षड्ज कसाबसा लागला, पुढच्या गंधाराला मान वर गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि आवाज फाटला. तिने तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. तबलजींना घरून परत बोलावलं, दुसरा तबला काढून नव्या पट्टीत मिळवला आणि रात्री साडेदहापर्यंत बसून ट्रॅक पुन्हा केला. काम झालं, पण ती झोपेविना गेली. आवाजासाठी सर्वांत वाईट गोष्ट तीच.

"कॉम्प्युटरवर खाली करून द्या ना, दोन मिनिटांचं काम" असं पुष्कळ जण म्हणतात. एखाद्या सुराचा फरक असेल तर करून देतो. त्याहून जास्त ओढलं की तबला डबा वाजवल्यासारखा लागतो आणि पेटीचा आवाज बसतो. परीक्षकांचे कान तयार असतात, त्यांना ते लगेच खटकतं. म्हणून आम्ही पट्टी बदलली की पुन्हा वाजवतो आणि त्याचे अर्धे पैसे घेतो. काहींना हे कडक वाटतं, पण त्यात दोन वादकांचा वेळ जातो. हा खर्च टाळायचा सोपा मार्ग आमच्याकडेच आहे: ट्रॅकची ऑर्डर देण्याआधी वीस मिनिटं येऊन बसा. पेटीवर तुमची पट्टी काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. फोनवर सांगितलेल्या पट्टीवर मात्र आता ट्रॅक करत नाही.

पट्टी पाहायला सकाळी उठल्याउठल्या येऊ नका, त्या वेळी आवाज खाली असतो. दुपारनंतर, थोडं बोलून, थोडं गाऊन या. पदातली सर्वांत वरची ओळ लागोपाठ तीनदा म्हणून पाहतो. तिसऱ्यांदाही चेहरा शांत राहिला तर ती तुमची पट्टी. चाचणीसाठी त्याहून अर्धा सूर खाली घ्या असंच सांगू, कारण धास्तीने श्वास आखूड होतो आणि वरचे सूर आधी दगा देतात.

आता पदाबद्दल. बालगंधर्वांवर आपल्या भागाचं प्रेम फार. जळगावात जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो, त्यामुळे मुलांच्या कानावर ती पदं लहानपणापासून असतात. पण स्वयंवरातली रुक्मिणी, मानापमानातली भामिनी, एकच प्याल्यातली सिंधू या स्त्री-भूमिका आहेत. त्या काळी पुरुष त्या करत होते, म्हणून ती पदं पुरुषाच्या आवाजात ऐकायला मिळतात. तुम्ही अर्जुनाच्या किंवा धैर्यधराच्या भूमिकेसाठी उभे राहणार आणि रुक्मिणीचं पद म्हणणार, तर परीक्षकांना गळा कळेल, भूमिका दिसणार नाही. मैफलीत जरूर म्हणा. चाचणीत आपल्या वयाच्या, आपल्याला शोभेल अशा पात्राचं पद घ्या. सौभद्र (1882) आणि शारदा (1899) या नाटकांत अशी पदं भरपूर आहेत. शारदेतली पदं विशेष करून छोटी, बोलण्याला लागून येणारी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना आम्ही तीच आधी सुचवतो.

नांदी म्हणू नका. ती सगळ्यांनी मिळून म्हणायची असते आणि तिच्यात पात्र नसतं.

"कट्यार काळजात घुसली"बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे दरवर्षी गोंधळ होतो. नाटक 1967 चं, पंडित जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचं. चित्रपट 2015 चा, त्यात नवी गाणीही घातली आहेत. "सूर निरागस हो" हे चित्रपटातलं, नाटकातलं नव्हे. नाट्यपद म्हणा असं सांगितलं असताना ते म्हटलं तर पहिलीच छाप चुकीची पडते. दुसरं, "घेई छंद"चा ट्रॅक मागताना चाल कोणती ते सांगा. हे पद नाटकातच दोन वेगळ्या चालींत आहे. एकाला एक चाल हवी होती, आम्ही दुसरी वाजवून ठेवली, असं आमच्याकडे झालेलं आहे. आता आम्ही विचारल्याशिवाय हात लावत नाही.

जुन्या रेकॉर्डिंगवरून पद बसवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गायकांनी त्यात मुखडा, अंतरा, ताना सगळं दाटीने बसवलं आहे. रंगभूमीवर तेच पद सावकाश, वन्समोर घेत रंगायचं. चाचणीत तर तुम्हाला दीड-दोन मिनिटंच मिळतात. त्यात मिनिटभर आलाप केला तर शब्द यायच्या आत "थांबा" म्हणतात. आमचा शिरस्ता असा: पदाआधीचं एक वाक्य गद्यात, त्याच्या शेवटी पेटीचा सूर, ध्रुवपद एकदा, अंतरा पूर्ण, मुखड्यावर येऊन समेवर संपवायचं. तान एखादीच, तीही हातखंडा असेल तर. असा कापून बांधलेला ट्रॅक करून देतो आणि सोबत पूर्ण पदाचाही देतो, कारण कधीकधी "पुढे म्हणा" असं सांगतात.

मुंबई-पुण्याला हिंदी-इंग्रजी संगीतिकांच्या चाचण्यांना जाणारी मुलंही हल्ली येतात. तिथे "16 बार म्हणा" असं कळवलेलं असतं आणि मुलं गोंधळतात. चार मात्रांचा एक बार धरला तर 16 बार म्हणजे 64 मात्रा, आपल्या त्रितालाची चार आवर्तनं. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर जेमतेम बत्तीस सेकंद. तेवढ्यात गाण्याचा कस लागेल असा तुकडा निवडावा लागतो, बहुतेक वेळा तो शेवटाकडे असतो. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी थेट चाचणीला उभं राहू नका. एसी डब्यात रात्र काढली की घसा कोरडा पडतो. आदल्या दिवशी पोहोचा.

उच्चारांबद्दल प्रेमाने सांगतो. आमच्या घरात अहिराणी बोलतात, दुकानात निम्मे ग्राहक लेवा बोलीत बोलतात, आणि आम्हाला ते गोड लागतं. पण जुन्या नाट्यपदात "ळ"चा "य" झाला, "ण"चा "न" झाला तर परीक्षक सुरांआधी तेच ऐकतात. सरावाला येताना शब्द मोबाइलवर नको, हाताने वहीत लिहून आणा. लिहिताना ळ आणि ण आपोआप डोळ्यांत भरतात. उलट नाटक लोकनाट्याच्या बाजाचं असेल तर तुमची बोलीच तुमची ताकद आहे. आईने-आजीने कानबाईच्या रोटांच्या सणाला म्हटलेलं गाणं खणखणीत म्हणून दाखवा. त्याला ट्रॅकही लागत नाही, नुसता ठेका पुरतो.

ट्रॅक न्यायचा की साथीदार? नाटक मंडळींना आधी विचारा, पेटी-तबल्याची सोय आहे का. असेल तर पट्टी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि पेटीवाल्यांना द्या. नसेल आणि परवडत असेल तर आमचे साथीदार सोबत येतात. तुम्ही अंतरा विसरलात तर पेटीवाला मुखडा धरून तुम्हाला सावरून घेतो, ट्रॅक तसाच पुढे निघून जातो. ट्रॅकच नेणार असाल तर तो मोबाइलमध्येही ठेवा आणि पेन ड्राइव्हवरही.

ट्रॅकसाठी निदान चार दिवस आधी या. आदल्या दिवशीची ऑर्डर आम्ही घेत नाही, कृपया आग्रह करू नका. सरावाची खोली तासावर मिळते, पेटी आणि तानपुरा तिथेच असतो. दर दुकानातल्या पाटीवर आहेत. पट्टी पाहण्याची वेळ रोज चार ते सहा, सोमवारी बंद.