कृष्णविवरांचे रेडिओ निरीक्षण

कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्याकडे ओढला जाणारा तप्त वायू मात्र गप्प बसत नाही: त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. या लहरींवरून कृष्णविवराचा ठावठिकाणा, भूक आणि उद्रेक समजून घेणे हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञाचे काम.

आकाशगंगेच्या केंद्रातील सॅजिटेरियस ए-स्टार हा स्रोत १९७४ मध्ये बॅलिक आणि ब्राउन यांनी शोधला. सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे हे कृष्णविवर धनू राशीच्या दिशेला आहे. नागपुरातून ते दक्षिणेला सुमारे ४० अंशांपर्यंत वर येते, पण ऐन आषाढात, म्हणजे ढगांच्या दिवसांत. शिवाय वाटेतली धूळ त्या भागाचा दृश्य प्रकाश अडवते. सेंटिमीटर-मीटर लांबीच्या रेडिओ लहरींना ना धूळ अडवते ना ढग. दुसरे प्रसिद्ध कृष्णविवर एम ८७ या दीर्घिकेत (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या ताऱ्यांच्या समूहात), साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर. वैशाखात उकाड्यामुळे गच्चीवर झोपणाऱ्या नागपूरकराच्या ते रात्री जवळजवळ डोक्यावर असते.

एप्रिल २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी एकाच वेळी १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर निरीक्षण केले. त्यातून एम ८७ च्या कृष्णविवराची सावली, म्हणजे तप्त वायूच्या तेजस्वी कड्यामधला काळोखा भाग, १० एप्रिल २०१९ रोजी आणि सॅजिटेरियस ए-स्टारची १२ मे २०२२ रोजी जगाला दिसली. इतक्या आखूड लहरी हवेतील बाष्प शोषते, म्हणून या दुर्बिणी चिलीतील अटाकामाच्या पठारासारख्या उंच, कोरड्या जागी असतात.

लांब लहरींसाठी नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रत्येक दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहतात. अशा ४३५ जोड्या होतात. मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाट वेगळा काढण्यातच खगोलशास्त्रज्ञाचे कित्येक आठवडे जातात. बाहेरच्यांना हे काम रटाळ वाटते, पण शोध याच चिकाटीत दडलेला असतो. २०२० मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील दीर्घिकासमूहात एका कृष्णविवराच्या प्रचंड उद्रेकाची खूण पटली, त्यात जीएमआरटीच्या निरीक्षणांचा वाटा होता.

नागपूरच्या मुलांची या विषयाशी पहिली ओळख बहुधा गांधीसागर तलावासमोरील रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात होते. पुढची वाट भौतिकशास्त्राच्या पदवीतून जाते. इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअरही येतात, कारण ग्राही यंत्रणा (रिसीव्हर) बांधणारे हात या क्षेत्राला तितकेच हवे असतात. त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात किंवा अन्यत्र पीएच.डी. आणि मग काही वर्षे देशोदेशीच्या वेधशाळांत तात्पुरत्या नेमणुका. ही वर्षे अस्थिर असतात आणि घरच्यांना त्याची कल्पना आधीच द्यावी. दुर्बिणीचा वेळ मात्र हुद्द्यावर मिळत नाही. प्रस्ताव लिहावा लागतो, समिती तो तपासते आणि ठरावीक मुदतीनंतर ती निरीक्षणे सर्वांना खुली होतात. त्यामुळे नागपुरातल्या एखाद्या महाविद्यालयात बसूनही जुन्या नोंदींतून एखाद्या दीर्घिकेच्या केंद्राचा नकाशा नव्याने काढता येतो.