बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरचा सोलो

अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सचं ‘डोंट वरी’ हे कंट्री (अमेरिकी ग्रामीण वळणाचं) गाणं तसं अगदी मवाळ. प्रेमभंग, हळुवार आवाज, संथ साथसंगत. मध्येच सहा तारांची बेस गिटार (खर्जातली गिटार) अशी काही घरघरते की आपला स्पीकर फाटला की काय, असं वाटावं. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत गिटारवादक ग्रेडी मार्टिन हा सोलो (एकट्याने वाजवायचा तुकडा) वाजवत होता आणि मिक्सिंग कन्सोलमधला, म्हणजे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातला, एक ट्रान्सफॉर्मर बिघडलेला होता. तरीही ते ध्वनिमुद्रण तसंच ठेवलं गेलं. १९६१ मध्ये गाणं कंट्रीच्या यादीत १० आठवडे अव्वल राहिलं, म्हणजे ऐकणाऱ्यांना ती घरघर फारशी खटकली नसावी.

तारेच्या कंपनातून येणाऱ्या विद्युत लहरीचे चढउतार बरेचसे गोलसर असतात. यंत्रणेला ती लहर पेलली नाही की तिचे माथे छाटले जातात. शिखराच्या जागी पाचगणीसारखं टेबललँड उरतं. आता गंमत अशी, की सपाट माथा आणि तीव्र कडा असलेली लहर एकाच कंपनसंख्येची असूच शकत नाही. १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांचा, शुद्ध स्वर वरून-खालून सारखाच छाटला, तर त्यात ३००, ५००, ७०० हर्ट्झचे स्वर आपोआप मिसळतात. ते कुणीही वाजवलेले नसतात! कानाला खरखर जाणवते ती यांचीच. शिवाय सुरुवातीचा जोर कापला गेल्यामुळे स्वर विरत चाललाय हे बराच वेळ कळत नाही.

दोन स्वर एकदम वाजवले तर मात्र पंचाईत. १०० आणि १३० हर्ट्झच्या, तसंच त्यांच्या दुपटींच्या बेरीज-वजाबाकीतून ३०, ७०, १६०, २३० असे उपटसुंभ स्वर निघतात आणि सगळा विचका होतो. मार्टिन एकेक स्वर घेत होता, म्हणून निभावलं.

ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने मग हाच आवाज ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून मुद्दाम जमवला. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने तो ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ नावाच्या, गिटारला जोडायच्या पेटीतून बाजारात आणला: जर्मेनियमचे ३ ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे २ सेल, पायाने दाबायचं बटण. गिटारातून ट्रम्पेट आणि चेलो काढा, असा कंपनीचा प्रचार. गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ गाण्यासाठी त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने हीच पेटी वापरली. त्याच्याही मनात ती जागा ट्रम्पेट वगैरे वाद्यांसाठी राखलेली होती. पण रेकॉर्ड निघाली ती घरघरीसकट, आणि मग पेट्या धडाधड खपल्या.