सुटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस

आमच्या सीमाभागात एखादा माणूस बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटून घरी आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एवढे महिने आत होता, थेंब मिळाला नाही. आता सुटली बघ त्याची दारू." आई म्हणते, बायको म्हणते, कित्येकदा तो स्वतः म्हणतो आणि अगदी मनापासून म्हणतो. तरीही महिन्याभरात तो कुठल्यातरी दुकानामागे प्यायलेला सापडतो. मग घर, गल्ली आणि गाव मिळून एकच निकाल देतात की याला लाजच नाही. हा निकाल चुकीचा आहे. खानापूरपासून निपाणीपर्यंत ज्या घरांत असा माणूस परत येणार आहे, त्या घरांसाठी हे लिहितो आहे.

आत असताना दारू मिळत नाही, तेव्हा शरीर सुधारतं हे खरं आहे. यकृताला उसंत मिळते, भूक लागते, अंगावर मांस येतं. ही सुधारणा सुरू होण्याआधी मात्र एक धोकादायक टप्पा असतो, आणि तो अटकेनंतर लगेच येतो. दारू मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजित करणाऱ्या रसायनाला दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट्या बाजूने जोर लावून बसलेला असतो. दारू एकदम बंद झाली की तो जोर मोकळा सुटतो. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, वेळ-जागेचं भान जातं. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून घरातल्या रोज पिणाऱ्या माणसाला अटक झाली तर "हा रोज पितो, एकदम बंद झाली तर त्रास होईल, डॉक्टरांना दाखवा" हे त्याच दिवशी ठाण्यात आणि वकिलाला सांगावं. अब्रूच्या भीतीने ही गोष्ट लपवली जाते, आणि तसं लपवणं जिवावर बेतू शकतं.

हा टप्पा पार पडला की 'कपॅसिटी' उतरायला लागते. जास्त पिऊनही सरळ चालणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं, पण ती कपॅसिटी म्हणजे मेंदू आणि यकृत यांनी विषाशी केलेली तडजोड असते. काही आठवडे दारू नसली की ती तडजोड मोडते. दोन वर्षं तालमीत न गेलेला पैलवान येळ्ळूरच्या मैदानात जुन्याच जोडीशी भिडला तर काय होईल, तेच इथे होतं. मनाला जुना हिशोब आठवत असतो, शरीर तो विसरलेलं असतं. पूर्वीएवढंच प्यायलं की श्वास मंदावतो, बेशुद्धीत उलटी छातीत जाते. सोबत झोपेच्या किंवा नशेच्या गोळ्या असतील तर धोका कितीतरी वाढतो.

या काळाचं सर्वांत स्पष्ट चित्र अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून आलं. तिथे सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २००७ साली निष्कर्ष छापले गेले. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका बाहेरच्या सामान्य लोकांच्या जवळपास १३ पट होता, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट. तिथल्या मृत्यूंत हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचा आणि कोकेनचा वाटा मोठा होता, आपल्या भागात प्रामुख्याने दारू आहे. तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. उतरलेली सवय आणि जुनी मात्रा यांची गाठ मात्र इकडेही तशीच पडते.

सवय निव्वळ शरीरात नसते, ती जागेतही असते. शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली उंदरांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉइन देऊन सवय लावली आणि नंतर मोठी मात्रा दिली. त्याच खोलीत ती दिली तेव्हा ३२ टक्के उंदीर मेले. सवय तेवढीच असलेल्या उंदरांना वेगळ्या खोलीत दिली तेव्हा ६४ टक्के मेले. म्हणजे ओळखीची जागा दिसताच शरीर विषाला तोंड द्यायला आधीच तयार होत होतं.

आता तलफेकडे येऊ. 'दिवस जातील तशी तलफ कमी होते' असं आपण धरून चालतो. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कोकेनची सवय लागलेल्या उंदरांत याच्या उलट पाहिलं. उंदराने कळ दाबली की दिवा लागायचा, आवाज व्हायचा आणि कोकेन मिळायचं. मग कोकेन बंद केलं आणि वेगवेगळ्या दिवशी तोच दिवा, तोच आवाज पुन्हा दिला. पहिल्या दिवशी उंदरांनी कळ थोडी दाबली, आणि दोन महिन्यांपर्यंत ती दाबणं वाढतच गेलं. खुणेने जागी होणारी तलफ आतल्या आत पिकत जाते. पुढे दारू, निकोटिन आणि हेरॉइनमध्येही हे दिसलं, आणि माणसांतही त्याचे पुरावे मिळाले. बऱ्याच काळाने ती ओसरते. पण आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी असतात. त्यातले बरेच जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जामिनावर बाहेर येतात, म्हणजे नेमकं तलफ चढणीवर असतानाच.

तुरुंगात ती जाणवत नाही, कारण तिथे खुणाच नसतात. "आता इच्छाच होत नाही" असं भेटीला आलेल्या आईला सांगणारा मुलगा खरंच बोलत असतो. एका जागी विझलेली सवय दुसऱ्या जागी पुन्हा पेटते, हे शिकण्याच्या प्रक्रियेवरच्या प्रयोगांत वारंवार सिद्ध झालं आहे. बाहेर पडल्यावर खुणाच खुणा असतात. उद्यमबागेतल्या फौंड्रीतली पाळी सुटण्याची वेळ, हातात पडलेला आठवड्याचा पगार, पावसाळी संध्याकाळ, कोपऱ्यावरच्या गाड्यावर तळलेल्या मासळीचा वास, 'चल की रे, किती दिवसांनी भेटलास' म्हणणारा मित्र. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की बक्षीस मिळण्याची खूण ओळखीची झाली की मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या पेशी बक्षिसाच्या वेळी नव्हे, खूण दिसतानाच उसळतात. म्हणून पहिला घोट घेण्याच्या कितीतरी आधी, दुकानाची पाटी दिसताच पाय वळतात.

आमच्या भागात या खुणा तीन राज्यांत पसरलेल्या आहेत. ज्या वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा आहे, त्याच रस्त्याने सुळगा, तुरमुरी, बाची ओलांडलं की शिनोळी येतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. खानापूरकराला चोर्ला घाट उतरला की गोवा. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून पाकिटातली देशी दारू बंद केली, पण प्रत्येक राज्याचा कर वेगळा, भाव वेगळा, ड्राय डे वेगळा. एका बाजूचं दार बंद झालं की दुसरं उघडं असतंच. एकट्या माणसाच्या निर्धारावर एवढं ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

जागा बदलली तर किती फरक पडतो, याचं उदाहरण व्हिएतनाम युद्धातून मिळालं. १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनच्या आहारी गेलेले पुष्कळ होते. संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग ठेवला, तेव्हा व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे ५ टक्केच निघाले. त्यांचं व्यसन एका देशात राहिलं आणि ते दुसऱ्या देशात परतले. तुरुंगातून सुटणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. तो दारूविना जगला ती जागा मागे राहते आणि जिथे प्यायला शिकला तिथेच तो परततो. मावशीच्या गावी, बहिणीच्या घरी पहिले पंधरा-वीस दिवस राहता आलं तर जरूर राहावं. जामिनाची अट आड येत असेल तर वकिलाला आधी विचारावं.

घरी परतलेला माणूस गप्प असतो, कशातच मन लागत नाही, रात्री झोप येत नाही, लहानशा गोष्टीवर चिडतो. घरच्यांना वाटतं, आमच्यावर राग धरलाय. खूप काळ व्यसनात असलेल्या मेंदूची आनंद जाणवून घेण्याची यंत्रणा मंदावलेली असते आणि ती सावकाश भरून येते. मेथाम्फेटामाइन हा नशेचा पदार्थ सोडलेल्यांच्या मेंदूच्या चित्रांत ही भरपाई चौदाएक महिन्यांनी स्पष्ट दिसली. त्यात कोर्टाच्या तारखा, कर्ज, लोकांचे टोमणे. ताण हीही तलफ जागवणारी मोठी खूण आहे. "लग्न लावून द्या, सुधारेल" हा सल्ला अशा वेळी कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. एका मुलीचं आयुष्य हे औषध नव्हे.

मग उपयोग कशाचा होतो? आपल्याकडे माळ घालण्याची रीत आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू आणि मटण सुटतं, एकादशीला भजन, सप्ताहात पारायण, संध्याकाळी बसायला वेगळी माणसं. यात श्रद्धा आहेच, पण विज्ञानाच्या नजरेतूनही यात अर्थ आहे. खुणा बदलतात, सोबत बदलते, आणि 'घे की' म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तर गळ्यातच असतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांमध्येही हेच घडतं. २०२० साली १० हजारांहून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पूर्ण दारूमुक्त राहण्यात या सभांकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. धर्मस्थळाच्या जनजागृती वेदिका या संस्थेची मद्यवर्जन शिबिरं आणि त्यानंतरच्या नवजीवन समित्या याच वाटेने जातात. कुठे जायचं हे ज्याच्या-त्याच्या मनावर सोडावं, पण कुठेतरी जायलाच हवं.

औषधंही आहेत आणि ती डॉक्टरांकडूनच घ्यायची. नाल्ट्रेक्झोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट तलफ कमी करायला मदत करतात. डायसल्फिरॅम वेगळं आहे. ते दारू पचवणारं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे प्यायल्यावर शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. या जातीच्या गोळ्या नवऱ्याच्या आमटीत गुपचूप मिसळायचा उद्योग केला जातो. तो कधीही करू नये. त्याला माहीत नसताना तो प्यायला तर जीव जाऊ शकतो.

तुरुंगातच उपचार सुरू करून सुटकेनंतर ते चालू ठेवले तर काय होतं, हे अमेरिकेतल्या रोड आयलंड राज्याने दाखवलं. २०१६ पासून तिथल्या तुरुंगांत अफूच्या व्यसनावर औषधोपचार सुरू झाले, आणि नुकत्याच सुटलेल्यांत अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले. आपल्या देशात तिहारमध्ये २००८ सालापासून असे उपचार दिले गेले. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि कैद्यांच्या उपचाराची तरतूदही त्यात आहे. हिंडलग्यात असलेल्या माणसासाठी उपचार मागणं हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे.

जामीन कधी अचानक होतो आणि संध्याकाळी माणूस फाटकाबाहेर उभा असतो. म्हणून वकील जामिनाचा अर्ज लिहीत असतानाच घरच्यांनी दोन-चार गोष्टी ठरवाव्यात. आणायला जुने सोबती जाणार नाहीत, आणि सुटकेची पार्टी होणार नाही. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहॅन्स या मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचार विभागात पहिल्याच आठवड्यात दाखवायचं. घरातल्या ज्या माणसाशी तो मोकळं बोलतो त्याने सोबत जावं, आणि मराठीत बोलणं त्याला सोपं वाटत असेल तर तसं डॉक्टरांना सांगावं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून द्यावेत. आणि एखाद्या दिवशी पाय घसरलाच, तर "सगळं संपलं" असं त्याला म्हणू देऊ नये, आपणही म्हणू नये. त्या समजुतीनेच एका घोटाची बाटली होते. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही असे चढउतार होतात, आणि आपण त्यांना दवाखान्यात नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यालाही तिथेच न्यावं.