हार्ड ॲनोडायझिंग आणि प्लाझ्मा ऑक्सिडेशन: फरक नुसत्या व्होल्टेजचा नाही

धातूवर विजेच्या साह्याने कठीण थर चढवायच्या या दोन पद्धती. दोन्हींत ॲल्युमिनियमचा जॉब, म्हणजे थर द्यायचा भाग, धन टोकाला जोडून द्रावणाच्या टाकीत सोडतात आणि दोन्हींत धातूच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड बनतं. त्यामुळे प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशन म्हणजे ‘जास्त व्होल्टेजचं ॲनोडायझिंग’, असं सर्रास सांगितलं जातं. ते पुरेसं नाही. वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची फॉइलही काही शे व्होल्टवर ॲनोडाइझ होते, पण ठिणगी पडू देत नाहीत. खरा प्रश्न एवढाच, की वाढणारा थर तो विद्युतदाब (व्होल्टेज) सोसतो की फुटतो.

हार्ड ॲनोडायझिंगमध्ये तो फुटू द्यायचा नसतो. सल्फ्युरिक आम्लाचं द्रावण शून्य अंशाच्या आसपास गार ठेवतात. आम्ल एकीकडे थर विरघळवत असतं, गारव्यामुळे ते मंदावतं. थरात राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांतून प्रवाह वाहत राहतो, म्हणून काही दशक व्होल्टमध्येही थर 50 मायक्रॉनपर्यंत सहज जातो. हे ऑक्साइड स्फटिकी नसतं.

प्लाझ्मा पद्धतीत द्रावण सौम्य अल्कधर्मी असतं, बहुधा सिलिकेट घातलेलं. सुरुवात साध्या ॲनोडायझिंगसारखीच होते. पुढे दाब काही शे व्होल्टवर गेला, की थराची रोधक्षमता संपते आणि जॉबभर बारीक पांढऱ्या ठिणग्या लुकलुकू लागतात. थर जाड होईल तशा त्या कमी, मोठ्या आणि नारिंगी होत जातात. एकेक ठिणगी मायक्रोसेकंदांत मोजावी इतकी अल्पजीवी, पण तिच्या आत तापमान हजारो अंशांवर जातं. वितळलेलं ऑक्साइड गार द्रावणाला भिडताच गोठतं. ठिणग्यांच्या या उष्णतेमुळे थरात अल्फा ॲल्युमिनाही तयार होतं, म्हणजे माणकाचं मूळ खनिज कोरंडम. विशेष म्हणजे टाकीतलं द्रावण मात्र कोमटच राहतं! मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

हार्ड ॲनोडायझिंगचा कठीणपणा साधारण 300 ते 500 विकर्स (कठीणपणा मोजायचं एकक), तर प्लाझ्मा थराचा बऱ्याचदा हजारापलीकडे. मात्र त्याचा वरचा पापुद्रा खडबडीत आणि सच्छिद्र असतो. सरकत्या भागांवर तो घासून काढावा लागतो. वीजही भरपूर लागते.

म्हणून साध्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या झिजेसाठी हार्ड ॲनोडायझिंग पुरतं, असं माझं मत आहे. मॅग्नेशियमचा जॉब असेल किंवा सिलिकॉन जास्त असलेलं कास्टिंग, तर मी प्लाझ्माकडे वळेन. अशा कास्टिंगमधले सिलिकॉनचे कण ॲनोडायझिंगचा थर एकसारखा वाढू देत नाहीत.